ताटातली नक्षी

राजेश्वरी सांगलीच्या स्टँडवर उतरली तेव्हा पावणेपाच वाजत आले होते. उद्या याच वेळेला पुण्याहून फोटो काढणारा येणार होता. धरणेंद्र पाटलांच्या घरात तिनं बसवलेली सागवानी जाळी पुण्याच्या एका प्रदर्शनासाठी निवडली गेली होती. तिशीच्या आतल्या मुलामुलींच्या कामाचं प्रदर्शन. फोटो परवापर्यंत पोचले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार होती. शिवाय पाटलांचे मेहुणे जिनेंद्र यांना सोन्याचं दुकान नव्यानं सजवायचं होतं, आणि तेही हे फोटो बघूनच ठरवणार होते.

रहिमतपूरला तिच्या घरात असलं घरं-दुकानं सजवायचं काम कुणी केलं नव्हतं. वडील फौजेतून सुभेदार होऊन परतले ते उसाच्या सरीत उतरले. चुलते चेष्टेनं म्हणायचे, "घर गवंडी बांधतो, ही नुसतं खुर्ची कुठं ठेवायची ते सांगती." पहिलं काम गावातल्या ब्यूटी पार्लरचं, दुसरं कोरेगावच्या दाताच्या दवाखान्याचं. लोक मोबाइलवरची चित्रं दाखवायचे, ती तसं करून द्यायची. कामं बरी झाली, पण तिची म्हणावीत अशी नव्हती.

जाळी मात्र तिची होती. शाळेच्या सहलीला लिंब गावची दगडी विहीर बघितली, तेव्हा बाकीच्या पोरी पाण्यात खडे टाकत होत्या आणि ही पायरीवर पडलेला उन्हाचा तुकडा वहीत काढत बसली होती. पुढं एकदा आई अंगणात चाळण उन्हात धरून उभी राहिली, तर खाली सारवलेल्या जमिनीवर उजेडाचे ठिपकेच ठिपके. ते दोन्ही तिच्या डोक्यात बसलं. पाटलांच्या जेवणघराला पश्चिमेची एकच मोठी खिडकी होती. तिच्यावर तिनं बारीक भोकांची जाळी काढली. जोतिबा मिस्त्रीनं ती दीड महिना खपून कोरली. सूर्य उतरला की ऊन तिच्यातून झिरपून यायचं आणि काळ्या दगडाच्या जेवणाच्या टेबलावर नक्षी पडायची. दसऱ्याला वास्तुशांत झाली तेव्हा पाहुणे टेबलाभोवती उभं राहून बघत होते.

दार चंदनबालावहिनींनी उघडलं. धरणेंद्रांची बायको एरवी हसरी, आज चेहरा उतरलेला.

"ये बाई. जोतिबा मिस्त्री आलाय, पॉलिश मारतोय. मी आत्ताच अव्वांना दवाखान्यातनं घेऊन आले."

"काय झालं अव्वांना?"

"सांजचं जेवतच न्हाईत. दोन महिन्यांत पाच किलो उतरल्यात. सगळे रिपोर्ट चांगले. डॉक्टर म्हणतोय, वय झालं."

सुंदरीअव्वा धरणेंद्रांच्या आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. जैन रिवाजाप्रमाणं सूर्य बुडाल्यावर तोंडात पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. दुपारी बाराला एक जेवण, आणि मंदिरातून आल्यावर पाचला दुसरं. दात उरलेले चार, त्यामुळं जेवायला अर्धा तास लागायचा.

वहिनींनी ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी वाढली. अव्वा टेबलाशी बसल्या. राजेश्वरी दारात उभी राहून मोबाइलवर उद्याच्या फोटोची जागा बघत होती. पडद्यावर सगळं फार देखणं दिसत होतं. नक्षी टेबलावर, ताटावर, अव्वांच्या पांढऱ्या लुगड्यावर.

अव्वांनी एक घास खाल्ला. ताट जरा डावीकडं सरकवलं. मग उजवीकडं. तळहात उघडून डोळ्यांपाशी नेला, वळवून बघितला. भाजीत बोट फिरवलं, परत बघितलं. दोन घास कसेबसे गेले आणि त्यांनी ताट पुढं ढकललं.

"पोट भरलं," त्या म्हणाल्या.

वहिनी डोळे पुसत आत गेल्या. राजेश्वरीला वाटलं आपणही निघावं. पण तो तळहात तिच्या मनातून जाईना. ती पुढं झाली आणि अव्वांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. या खुर्च्या तिनंच निवडल्या होत्या, पण या वेळेला त्यांत ती कधी बसली नव्हती.

"अव्वा, हातावर काय बघत होता?"

"रेषा. हातावरच्या रेषा सूर्याच्या उजेडात दिसत्यात तवर जेवायचं. माझ्या सासूनं लावलेली सवय."

"अजून तर ऊन हाय."

"हाय की. पण ह्ये बघ." अव्वांनी तिचाच हात धरून ताटावर नेला. तळव्यावर ठिपके हलत होते. रेषा कुठं आणि सावली कुठं, काही कळत नव्हतं. "ताटातबी असंच. मोहरी कुठली न् मुंगी कुठली, समजत न्हाई. एखादा जीव पोटात गेला तर? मग हात पुढं जात न्हाई."

राजेश्वरी म्हणाली, "दिवा लावायचा मग."

"दिव्याच्या उजेडात जेवायचं असतं तर रातीलाच जेवले असते की गं."

"आणि परसदारी बसून?"

"जुन्या घरी बसतच हुते. इथं बसले तर गल्ली म्हणंल, एवढं घर बांधलं न् आईला दारात बसवलं. सुनंला बोल लागंल." अव्वांनी आवाज खाली आणला. "धरणूला बोलू नगंस. येईल त्याला हात धरून ही जाळी दाखवतोय. लय हौस त्याला. आणि तुझं उद्या फोटू हायत म्हणं. काढून घे बाई. पोरीच्या जातीला एवढं नाव मिळतंय."

कोपऱ्यात जोतिबा पॉलिशचा बोळा हातात धरून ऐकत होता. राजेश्वरी त्याच्याजवळ गेली.

"मामा, जाळी कशी निघंल?"

"निघंल की. आठ स्क्रू हायत." त्यानं तिच्याकडं बघितलं. "पर उद्याच्याला फोटू झाल्यावर ना, आक्का?"

तिलाही तेच वाटत होतं. दोन महिने गेले, एक दिवस अजून. फोटो होतील, जिनेंद्र बघतील, मग सावकाश सांगता येईल. नाहीतर सांगायचंही कशाला? हिवाळा सरला की सूर्य सरकेल, नक्षी भिंतीवर जाईल. पण हिवाळा सरायला अडीच महिने होते, आणि वहिनींनी फ्रिजवर अडकवलेला वजनाचा कागद समोर दिसत होता. उद्या फोटोत त्या टेबलावर ताट ठेवायचं तिनंच ठरवलं होतं. भरलेलं ताट, त्यावर नक्षी.

तेवढ्यात धरणेंद्र आले. पायात चपला तशाच, अंगाला हळदीच्या वखारीचा वास.

"आलीस? उद्या जिनेंद्रबी येतोय बघायला. त्याला म्हटलं, समोरासमोर बघ."

"आण्णा, जाळी काढावी लागंल," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आजच."

"का? कीड लागली काय?"

"न्हाई. माझं चुकलंय. अव्वांना हिच्यामुळं जेवता येत न्हाई."

तिनं सगळं सांगितलं. अव्वा मध्येच म्हणाल्या, "काय बी बोलती पोरगी." पण धरणेंद्रांनी आईकडं बघितलं तेव्हा त्यांनी नजर खाली घातली.

"दोन महिने?" धरणेंद्र म्हणाले. कुणाला विचारलं ते कळलं नाही. मग राजेश्वरीकडं वळले. "तुला डिझायनर म्हणून बोलवलं. घरात म्हातारं माणूस हाय, कवा जेवतंय, कसं जेवतंय, विचारायचं नव्हतं काय?"

"विचारायला पायजे होतं."

"आणि जिनेंद्रला काय सांगू?"

"जे झालं तेच सांगा."

ते खिडकीपाशी गेले, जाळीवरून हात फिरवला. तिला वाटलं आता जा म्हणतील. ते जोतिबाला म्हणाले, "काढ रं."

आठ स्क्रू काढायला दहा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात तिनं बाहेर जाऊन पुण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, दुसरी एखादी भिंत, एखादा कोपरा? ती म्हणाली, नाही. मग यादीतून नाव काढतो, तो म्हणाला. ती हो म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

आत आली तर ऊन थेट टेबलावर पसरलं होतं. चौकटीला आठ भोकं, कडेनं रंग उडालेला. खोली उघडीबोडकी दिसत होती. जोतिबानं जाळी भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्याकडं पाठ करून तो हत्यारं भरत होता. अव्वांनी ताट परत पुढं ओढलं होतं आणि त्या भाजीत भाकरी कुस्करत होत्या, घाईघाईनं, दिवस संपायच्या आत.

"आता इथं काय लावणार?" धरणेंद्रांनी विचारलं.

"काही न्हाई."

गिऱ्हाइकाला असं उत्तर तिनं कधी दिलं नव्हतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. जिनेंद्रच्या दुकानाचं ते काहीच बोलले नाहीत. आईसमोरची खुर्ची ओढून बसले, आणि ऊन सरळ त्यांच्या तोंडावर आलं.

"डोळ्यावर येतंय हे," ते म्हणाले.

"येतंय," राजेश्वरी म्हणाली. "अजून वीस मिनिटं येईल."

त्यांनी खुर्ची थोडी बाजूला घेतली आणि आत हाक मारली, "चंदन, मलाबी वाढ."