दाजींचा खड्डा, मेहुण्याचा खड्डा

आमच्या सावाई बेटावर रग्बीच्या मैदानाला गोलपोस्ट नसणं म्हणजे चर्चला छप्पर नसण्यासारखं. म्हणून फालानिकोने रस्त्याकडेच्या आमच्या मैदानात खांब रोवायला घेतले, आणि सकाळीच मेहुण्याला फोन करून "तुमच्यापेक्षा हातभर उंच!" असं सुनावलं. मेहुणा सापोलू राहतो बेटाच्या दुसऱ्या अंगाला. तो थोडाच गप्प बसणार!

दुपारी फालानिकोची पहार कशात तरी खचकन रुतली. वर आली एक नारिंगी नळी, आत केसासारख्या काचेच्या तारा, पार तुटलेल्या. मैदानालगतच्या घरातून बायकोचा, लुपेचा, आवाज येत होता. ऑकलंडच्या बहिणीशी व्हिडिओवर तिच्या गप्पा रंगल्या होत्या, त्या थांबल्याही नाहीत.

"जुनी दिसतेय," म्हणत त्याने वर माती लोटली.

थोड्या वेळाने टेलिफोन कंपनीत काम करणारी गावातली पोरगी, वाओसा, गाडी घेऊन हजर.

"काका, तार तोडलीत ना? आमच्या पडद्यावर लगेच दिसतं."

"मी? अगं, इंटरनेट तर चालू आहे! ऐक, माझी बायको अजून बोलतेय."

"ऐकू येतंय. अख्ख्या गावाला येतंय. काका, ही तार आपल्या रस्त्यासारखी बेटाला वळसा घालून परत येते. इथे झाड पडलं तर बस उलट्या बाजूने येते ना? तसंच. इथे तुटली की सगळं बोलणं आपोआप दुसऱ्या बाजूने वळतं. कुणाला कळतही नाही."

"मग झालं तर! नुकसान कुणाचंच नाही."

"पण आता ती एकच बाजू उरलीय. तिकडे कुणी खोदलं, तर मधली सगळी गावं मुकी."

फालानिकोचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने फोन लावला.

"सापोलू, काय करतोयस रे?"

"खड्डा खणतोय. रस्त्याकडेलाच. तुमच्याहून दोन हात उंच लावणार!"

"थांब! आधी ती पहार खाली ठेव!"

"पोटात दुखायला लागलं वाटतं, दाजी?"

"अरे, खाली तार आहे!"

"हो, आणि तिच्याखाली सोनं! थांबा, एक घाव घालून..."

फोन बंद. घरातला आवाजही बंद. लुपे दारात आली.

"कुणी केलं हे?"

"तुझ्या भावाने," फालानिको म्हणाला. ते अर्धं खरं होतं.

वाओसाने कपाळाला हात लावला आणि जोडणीचं यंत्र बाहेर काढलं. उन्हातान्हात, धुळीत काचेची तार जुळेना, म्हणून फालानिको तिच्यावर ताडपत्री धरून उभा राहिला. हात भरून आले, पण बोलायची सोय नव्हती.

तासा-दीड तासाने सापोलूची गाडी करकचून थांबली. "मी बोलत असताना फोन कापता? मोठे दाजी म्हणून काहीही कराल?"

"मी नाही, तू कापलास!"

"मी? फोन शेजाऱ्याने कानाला धरला होता. माझ्या दोन्ही हातांत पहार होती!"

"तीच," वाओसा मान वर न करता म्हणाली.

सापोलूने नारिंगी नळीकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

इथली तार जुळली तशी लुपेचा फोन वाजला. पलीकडे बहीण. लुपेने नवरा आणि भाऊ दोघांकडे फोन वळवला.

"तुला सगळं पहिल्यापासून सांगते," ती म्हणाली. "आधी यांची तोंडं नीट बघून घे."