पाळण्यावरचा झोत

झोत पाळण्यात पडायला हवा होता आणि तो पडत होता शेजारच्या रिकाम्या जमिनीवर. बरं, पडला तो पडला, एका जागी थांबतही नव्हता. संगणकाच्या पडद्यावरचं चित्र मी जरासं फिरवलं की उजेडाचा तो गोल डावीकडे सरकायचा, परत फिरवलं की पाळण्याच्या दोरीवर चढायचा आणि तिथं थंडी वाजल्यासारखा थरथरत राहायचा.

"वारं सुटलंय का वं तुमच्या स्टेजवर?" बालाजी सरांनी मागून विचारलं.

सर मानवतच्या शाळेत इतिहास शिकवतात आणि दरवर्षी आमच्या मंडळाचं नाटक बसवतात. मी तिथल्याच एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. घराचा नकाशा येतो तर दिव्यांचाही येईल, म्हणून सरांनी यंदा नाटकाची प्रकाशयोजना माझ्याकडे दिली आणि एका शिबिरातून त्याचं सॉफ्टवेअरही आणून दिलं. त्यात स्टेजचं माप टाकायचं, वरच्या लोखंडी नळ्या काढायच्या, नळ्यांवर दिवे टांगायचे. मग कुठल्या दिव्याचा उजेड कुठं पडेल ते चित्रात दिसतं. साहेब साइटवर गेले होते, म्हणून आज ऑफिस आमचंच होतं.

"श्री घातली का नकाशाला?" सरांनी विचारलं.

"घातली की. आधी तीच घातली."

"मंग कामून बिघडलं?"

"सर, खामखा ताईला छळू नका," खिडकीपाशी बसलेली पंकजा म्हणाली.

पंकजा वालूरची. आमच्या नाटकातली मुख्य बाई. नाटक ऊसतोड्यांचं, आणि ती स्वतः टोळीबरोबर ऊस तोडायला जाणारी. यंदा टोळी पुढं गेली होती. घरच्यांची कशीबशी समजूत काढून ती या एका प्रयोगासाठी मागं थांबली होती. प्रयोग उद्या संध्याकाळी परभणीत, स्पर्धेत. परवा सकाळी तिचा दीर तिला मोटारसायकलवरून थेट उसाच्या फडावर नेऊन सोडणार होता. म्हणजे चुकलं तर पुन्हा करू, असं काही उरलेलंच नव्हतं.

शेवटच्या प्रवेशात ती कोपीसमोर चुलीपाशी बसते. कोपी म्हणजे टोळीवाल्यांची पाचटाची झोपडी. ती मागं हात करून पाळणा हलवते आणि लेकराशी बोलत भाकरी थापते. बोलणं इतकं साधं की बघणाऱ्याला वाटावं, दमलेल्या आईचा हा रोजचाच दिवस आहे. आणि अगदी शेवटी वरून एक बारीक झोत पाळण्यात उतरतो. पाळणा रिकामा असतो. नाटक तिथं संपतं.

आता हा पाळणा आधीच उजेडात दिसला, तर लोकांना सुरुवातीलाच कळणार की आत लेकरू नाही. मग पंकजाचं सगळं बोलणं वाया.

फोन वाजला. परभणीहून दिवेवाला महारुद्र बोलत होता. तिथल्या हॉलमध्ये दिवे टांगायचं काम त्याच्याकडे.

"ताई, नकाशा धाडायलाव का न्हाई? आज दुपारच्यालाच हॉल मोकळा हाय, उद्या दुसऱ्या मंडळीचं नाटक हाय आधी. नकाशा न्हाई आला तर मी आपलं जनरल देऊन टाकतो. आक्खं स्टेज फकफकीत."

"फकफकीत नको, दादा."

"काय?"

"नको म्हणाले."

"जरा मोठ्यानं बोला की! इथं जनरेटर चालू हाय."

माझा आवाज मुळातच लहान. देवघरातही आमचे सासरे म्हणायचे, सूनबाई, देवाला तरी ऐकू जाऊ दे. मी फोन ओठांपाशी धरला. "नकाशा दुपारपर्यंत येतो. तुम्ही शिडी लावून ठेवा."

"बरं बाई," तो म्हणाला, "शिडी लावायला माझं काय जातंय!"

सरांनी बाहेरून भजी आणली होती. मला गुरुवार होता. त्यांनी पुडी माझ्यासमोरून हळूच उचलली आणि म्हणाले, "उपास तुमचा आन् चक्कर कम्प्युटरला." पंकजा हसली. मग सर गंभीर झाले. "ताई, एक बोलू? हातानं काढून द्या ना कागदावर. महारुद्र टांगतो अंदाजानं."

"दिवा कुठं टांगायचा ते हातानं काढीन, सर. पण झोत कोपीच्या छपराला अडतो का सरळ पाळण्यात उतरतो, ते हाताला कसं कळणार? तसला बारीक झोताचा दिवा त्यांच्याकडे एकच आहे. एकदा टांगला की उद्या काढून परत लावायला वेळ कुणाकडे आहे?"

"मंग छप्पर काढून टाकू."

"कोपीचं छप्पर काढलं तर ऱ्हायलं काय?" पंकजा म्हणाली. "चार काठ्या."

सरांनी भज्यांकडे लक्ष दिलं.

मी आधी सोप्या शंका फेडून घेतल्या. माप मिलिमीटरमध्ये आहे का? आहे. नळीची उंची बरोबर? बरोबर. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. झोत तसाच कुडकुडत होता. मग वाटलं दिव्यातच खोट असेल, म्हणून नवं कोरं पान उघडलं, त्यात एक नळी, एक पाळणा आणि तोच दिवा ठेवला. झोत आत उतरला आणि समईच्या ज्योतीसारखा शांत राहिला. म्हणजे दिवा चांगला, पाळणा चांगला. खोट नकाशात कुठंतरी होती.

"आता?" सर म्हणाले.

"आता निवडायला बसायचं."

डाळीत खडा आहे हे कळतं पण दिसत नाही, तेव्हा आपण काय करतो? सगळी डाळ एकदम बघत बसत नाही. थोडी थोडी बाजूला सारतो. मी नकाशाची एक प्रत केली, म्हणजे मूळ नकाशाला धक्का नको, आणि प्रतीतून वस्तू काढायला लागले. आधी प्रेक्षकांच्या खुर्च्या. झोत थरथरत होता. मग दोन्ही बाजूंचे काळे पडदे. तरी तसाच. मागची भिंत काढली. कोपी काढली, तेव्हा पंकजा "अगं माय" म्हणाली, जसं काही खरीच मोडली. एकेक वस्तू काढायची, झोत बघायचा, पुढची काढायची. सर मधे एकदा घड्याळाकडे बघून काही बोलणार होते. पंकजानं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

शेवटी मी उरलेलं सगळं काढलं, दिवा आणि पाळणाही. पडदा पांढरा झाला. त्या रिकाम्या जागेत मी नव्यानं एक पाळणा ठेवला, एक दिवा टांगला.

झोत थरथरायला लागला.

"हे तर भुताटकीचं झालं," सर म्हणाले. "रिकाम्या घरात कोन हालायलंय?"

मलाही क्षणभर हात टेकावेसे वाटले. पण जपाची माळ अर्ध्यावर ठेवून मी कधी उठलेली नाही, मग हे तरी कसं सोडायचं? मी नवा दिवा आणि पाळणा पुन्हा पुसला. पडद्यावर काहीच उरलं नाही. आणि मनात आलं, या रिकाम्या घराला विचारून तरी बघावं. मी "सगळं निवड" अशी आज्ञा दिली.

खाली कोपऱ्यात अक्षरं उमटली: निवडलेल्या वस्तू, एक.

"एक?" पंकजा खुर्ची ओढत जवळ आली. "कुठं हाय? मला तर काय दिसंना."

मलाही दिसत नव्हती. नकाशात एक बटण असतं, ते दाबलं की जिथं जे काही आहे ते सगळं एका नजरेत दिसतं. गेले दोन दिवस ते दाबलं की पडदा कोरा व्हायचा आणि माझं स्टेज हरवायचं. बटणच बिघडलं म्हणून मी त्याचा नाद सोडला होता. आता तेच दाबलं. पडदा भर्रकन सरकला, आणि मधोमध, ठसठशीत, माझी श्री आली.

माझे हात आपोआप जोडले गेले. आणि पाठोपाठ आठवलं, ती इतक्या लांब मीच ठेवली होती.

नकाशाची पहिली रेघ मारायच्या आधी श्री लिहायची, हा माझा नेम. घरांच्या नकाशात मी ती कागदाच्या माथ्यावर लिहिते. पण मागच्या तालमीत सरांनी स्टेजचा छापलेला नकाशा शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर अंथरला, जागा समजाव्यात म्हणून, आणि सगळी मंडळी त्याच्यावरून चालली. कुणाचा दोष नाही, त्यांना माहीत नव्हतं. मी कागद उचलला तेव्हा श्रीवर चपलेची नक्षी उठली होती. मी ती पदरानं पुसली, कपाळाला लावली. आणि ठरवलं की आता श्री अशा जागी ठेवायची, की कुठल्याच कागदावर ती येणार नाही आणि कुणाचा पाय तिच्यापर्यंत पोचणार नाही. जागेचा आकडा टाकताना एकावर शून्यं देतच गेले.

सरांनी तो आकडा वाचला. "हे किती लांब झालं वं, ताई?"

"स्टेज परभणीत धरलं," मी हिशोब केला, "तर श्री नांदेडच्या पार पलीकडे."

सर हसायला लागले, पण माझं तोंड बघून थांबले.

आता सगळं उलगडत होतं. नकाशात जेवढ्या वस्तू, त्या सगळ्यांचा मध्य धरून संगणक आपली आकडेमोड करतो. इकडे पाळणा, तिकडे नांदेडपल्याड श्री. त्याचा मध्य कुठल्या तरी शिवारात पडला असणार. तिथून मोजताना त्याला पाळणा बोटभर इकडे का बोटभर तिकडे, हे ठरवता येत नव्हतं. तो बिचारा अंदाज करत होता, आणि प्रत्येक वेळी अंदाज वेगळा येत होता.

"मंग दाबा की पुसायचं बटण," सर म्हणाले. "एकच तर वस्तू हाय."

माझं बोट त्या बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. आजवर हात जोडून जे अक्षर लिहिलं, ते पुसायचं? आणि न पुसावी, तर उद्या पंकजाचा पाळणा फकफकीत उजेडात. मी बोट उचलत नव्हते आणि दाबतही नव्हते.

पंकजानं माझ्याकडे बघितलं. "ताई, आमी फडावर जाताना देव घरी सोडून जात न्हाई. टाक कापडात बांधतो, ट्रॅक्टरमधी मपल्या मांडीवर घेऊन बसते मी. तितं गेल्यावर कोपीत एक फळी मारतो, तितं बसवतो. तुमी तुमच्या देवाला कामून इतकं लांब धाडलंत?"

"पाय लागू नये म्हणून गं."

"मंग पाय लागत न्हाई अशी जागा स्टेजवर न्हाईच का?"

मी विचार करायला लागले, आणि विचार फार करावाच लागला नाही. अशी जागा होती. पडदा उघडायच्या आधी स्टेजच्या पुढच्या कडेला, बरोबर मध्यावर, नारळ फुटतो. तिथं नट असो नाहीतर दिवेवाला, सगळे चपला काढून उभे राहतात. आणि गंमत अशी, नकाशातही शून्य तिथंच असतं. सगळी मापं त्या जागेपासून सुरू होतात.

मी मूळ नकाशा उघडला. श्री निवडली. मनात म्हणाले, चला, तुमची जागा ठरली. आणि जागेचे दोन्ही आकडे पुसून तिथं नुसतं शून्य टाकलं. छपाईत येणार नाही असा एक वेगळा थर केला आणि श्री त्यात ठेवली. नकाशात ती आहे, पण कागदावर उमटणार नाही. मग अंथरा कुठंही. नकाशा बंद केला, परत उघडला.

झोत कोपीच्या छपराच्या कडेला घासून खाली आला आणि पाळण्यात उतरला. मी चित्र फिरवलं. हलला नाही. उलटं फिरवलं, वरून बघितलं, खालून बघितलं.

"बसला," पंकजा हळूच म्हणाली, जणू मोठ्यानं बोललं तर उठेल.

आम्ही नकाशा महारुद्रला धाडला. त्याचा लगेच फोन आला. "ताई, मधल्या नळीवरला हा बारीक दिवा एवढा कडंला कामून? मी असला कडंला कदी टांगत न्हाई."

"तिथंच टांगा, दादा. बोटभरही इकडे तिकडे नको."

या खेपेला मोठ्यानं बोला असं तो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परभणीत पडद्यामागं सरांनी नारळ फोडला. मी चपला काढून उभी होते. खाली फरशीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी मी वाकून तिथं हात लावला आणि मग मागं जाऊन दिव्यांच्या बटणांपाशी बसले.

शेवटचा प्रवेश आला. चुलीचा तांबूस उजेड पंकजाच्या हातांवर, बाकी अंधार. ती भाकरी थापत होती आणि लेकराला सांगत होती की रडू नको, बाप पाणी आणायला गेलाय. हॉलमध्ये कुणी खोकत होतं, कुणाची खुर्ची करकरत होती. मी बटण हळूहळू वर सरकवलं. झोत छपराला घासून उतरला, पाळण्याच्या काठावर आला, आणि आत गेला.

पडदा पडल्यावर ती माझ्याकडे आली, हाताला पीठ तसंच.

"ताई, मपली पाठ होती पाळण्याकडं. झोत मला दिसलाच न्हाई. पन लोकांना कवा दिसलं ते बरोबर कळलं मला."

"कसं गं?"

"सगळ्यांचा खोकला एकदम थांबला."