तिपेडी

आईच्या केसांतून फणी ओढता ओढता समीक्षाचा हात थांबला. मानेपाशी भलताच गुंता झाला होता. केसांना कित्येक दिवसांत फणी लागली नसावी.

"ओढ ना," हंसाबाई म्हणाल्या. "मी का काचेची हाव?"

"मी नसली का तुही वेणी कोन घालते?"

"शेजारची इंदूबाई हाय ना. तिले टाइम भेटला का घालते."

म्हणजे बहुतेक दिवस कोणीच घालत नाही, हे समीक्षाला कळलं. संधिवाताने आईची बोटं पार आखडली होती, हात मानेमागे जाईना. बाबा, म्हणजे मारोतराव, वणीच्या खाणीतला कोळसा ट्रकमध्ये भरून निघाले की आठवडा आठवडा घरी येत नसत. एकुलती एक लेक नागपूरला संशोधन करणारी. तिला आता नेदरलँड्समधल्या एका प्रयोगशाळेने तीन वर्षांसाठी बोलावलं होतं आणि आज संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं. समीक्षाने नाही म्हणायचं ठरवलं होतं. आईला यातलं अक्षरही सांगायचं नाही, असंही ठरवलं होतं.

"तू नागपूरले करतं तरी काय वं?" आईने विचारलं. "इंदूबाई इचारते, मले सांगता येत नाही."

समीक्षाने केसांच्या तीन बटा केल्या आणि वेणी घालायला घेतली.

"आपल्या हाडात, कातडीत, सांध्यात एक धागा असते. कोलॅजेन म्हन्तेत त्याले. थो असाच असते, तिपेडी. अन् रक्तात राखणदार पेशी असतेत. जंतू दिसला का धावून जातेत. त्यायच्या अंगावर लय बारीक बारीक हात असतेत. त्या हातानं ही वेणी धरली का पेशी थंडी होते. घरचंच हाय, इथं भांडाचं नाही, असं समजते तिले."

"अन् वेणी सुटली तं?"

"तं तिले धरता येत नाही. तिन्ही पेडांचा पीळ असला, तवाच वळख पटते."

आईने आपले हात मांडीवर उलटे करून पाहिले. बोटांचे सांधे लाल, टरटरून सुजलेले.

"म्हंजे माह्या हातात हेच बिघडलं?"

हो म्हणावं, असं समीक्षाला फार वाटलं. हो म्हटलं असतं तर या दुखण्याला निदान एक कारण मिळालं असतं. पण तिच्याने खोटं बोलवेना.

"माहीत नाही, आई. अजून कोनालेच नीट माहीत नाही. थेच शोधून राह्यलो आमी."

"अन् थे शोधाले नागपूर पुरते?"

"पुरते," समीक्षा म्हणाली आणि वेणीच्या टोकाला रबर गुंडाळलं.

आई म्हणाली, "दुखण्याच्या गोळ्या सरल्या. बाजारातून आनतं का?"

बाजारात गर्दी होती. समीक्षाने गोळ्या घेतल्या, भाजी घेतली, वाटेत नकाराचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं. वाक्य सभ्य होतं, पण ते टाइप करायला तिने फोन काढला नाही.

घरी आली तर ओट्यावर इंदूबाई पदराने डोळे पुसत बसलेली. तिच्या पुढ्यात कात्री. आणि आई पाठमोरी, मान उघडी, डोक्यावर जेमतेम बोटभर केस.

समीक्षाच्या हातातली पिशवी खाली टेकली. नवरा असलेल्या बाईने केस उतरवायचे म्हणजे गल्लीला महिनाभर पुरेल एवढा विषय. उद्या कोणीही बाबांना थांबवून विचारणार, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

"म्या नाही म्हनत होती वं पोरी," इंदूबाई म्हणाली. "हिनं आन घातली मले."

"आई, काहून केलं असं? बाबा काय म्हनतीन?"

"त्यायले जे म्हनाचं थे म्हनू दे. मी सांगतो त्यायले." आई वळली. कपाळावरचं कुंकू नेहमीपेक्षा मोठं होतं. "सकाळी तू न्हानीत होती, तवा तुह्या नागपूरच्या सरचा फोन आल्ता, म्या उचलला. म्हने, समीक्षा नेदरल्यानले कवा निघते?"

समीक्षा तिथेच पायरीवर बसली.

"मी नाही म्हननार होती," ती म्हणाली. "तुह्याजवळ कोनी नाही म्हनून."

"समजलं मले थे."

आईने इंदूबाईला बाटलीतलं तेल हातावर ओतायला सांगितलं. बोटं वळत नव्हतीच. तिने दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि सपाट हातांनी डोक्याला तेल चोळलं. पुढून, बाजूने, अगदी मानेपर्यंत.

"पाह्य," ती म्हणाली, "जमते मले."