वरवंट्याची कुंची

"हे बाळ कोणाचं?" कर कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी फोटो पुढे सरकवला. पाळण्यात पाठमोरं बाळ, डोक्यापासून पाठीपर्यंत जरीकाठाची कुंची.

अक्षताला हसू फुटलं. शेजारी बसलेल्या हर्षदने, तिच्या सोसायटीतल्या सीएने, कोपराने टोचलं. "हसू नको गं. वाट लागेल."

वाट लागायला आलीच होती. डब्लिन, टोरांटोला गेलेल्या मुली आपल्या आईचं, आजीचं जुनं मऊ लुगडं तिच्याकडे पाठवत. गोरेगावच्या दोन खोल्यांत, लेक झोपेल तेवढ्या वेळात, ती त्याची कुंची शिवून परत धाडी. नियम असा, की बाहेरून आलेलं कापड इथे न वापरता परत गेलं तर शिलाईवर इथला कर नाही. नोटीस म्हणत होती, वापरलंय. कारण उद्योगाच्या फेसबुक पानावर याच फोटोखाली अक्षतानेच कौतुकाने लिहिलं होतं, 'आमच्या घरी आधी घालून मगच पाठवतो.' कर दंडासकट बसला असता, तर मशीन विकून हा उद्योग मिटवावा लागला असता.

"तुमची मुलगी ना ही? लोकांच्या कुंच्या तिला घालता."

"नाही मॅडम, वरवंटा आहे तो! बारशाला नाही का आपण बाळाआधी पाळण्यात ठेवत..."

"मला तर बाळच दिसतंय. मंगळवारी पुरावा आणा, नाहीतर आदेश काढते."

मंगळवारी सकाळी सासूबाई, अंजनाबाई, दारात आडव्या आल्या. "माझो वरवंटो घेऊन खंय चललंस गो? वाटप कशान वाटू?"

"आज मिक्सर लावा, आई. तुमच्याच नियमाने अडकलेय ना मी? म्हणे, दगडाला घातल्याशिवाय कुंची घराबाहेर जाता कामा नये."

"मगे? दगडाचा आयुष्य बाळाक लागता." पण त्यांनी वरवंटा हिसकावून घेतला, त्याची हळद घासून काढली, पदराने कोरडा केला आणि स्वतः पिशवीत ठेवला.

कार्यालयाच्या दारात रखवालदाराने पिशवीत डोकावून विचारलं, "मॅडम, कोणाला मारायचंय?"

आत अक्षताने टेबलावर आधी फोटो मांडले. एकेचाळीस. "तारखा बघा मॅडम. हा तीन वर्षांपूर्वीचा, हा गेल्या महिन्यातला. तेवढ्यात माझी लेक पाळण्यातून बालवाडीत गेली. हे बाळ बोटभर तरी वाढलंय का?"

बाई एकेक फोटो उचलून बघू लागल्या. तोवर अक्षताने वरवंट्याला नवी कुंची चढवली, बंद बांधले आणि त्याला पाठमोरं ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा कारकून उठून आला. "अरे, सेम टू सेम!"

बाईंनी चष्मा काढला. मग हसू दाबत लिहायला घेतलं. "दगडाने वापरलं, असं काही कायद्यात बसत नाही. नोटीस रद्द."

"झकास!" हर्षद ओरडला आणि स्वतःच वरमला.

"कापड कोणाचं हे?" बाईंनी विचारलं.

"डब्लिनच्या एका मुलीच्या आईचं. आई गेली गेल्या वर्षी. मुलीला आता आठवा लागलाय."

बाई उभ्या राहिल्या. परत द्यायला त्यांनी वरवंटा उचलला, एक हात पाठीखाली, दुसरा डोक्याखाली घालून.

अक्षताने पिशवी घडी करून पर्समध्ये टाकली. वरवंटा तसाच कुंचीसकट खांद्यावर घेऊन ती निघाली. रखवालदाराने तिच्यासाठी दार धरून ठेवलं.