ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा चहा

ताई बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. तिचा आवाज घुमला की बाकावर पेंगणारा प्रवासीसुद्धा पिशवी उचलून उभा राहायचा. धाकटी नेमकी उलटी. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, दिवसभर तोंड न उघडता. आई-वडील गेल्यावर दोघीच घरात, आणि दोघींच्या वाटचं ताईच बोलायची. दुकानदाराशी, घरमालकाशी, भांडायचं असलं तरी तीच. धाकटीला ती लाडानं 'मुकी' म्हणायची.

ताईच्या घशात गाठ निघाली म्हणून दोघी या मोठ्या शहरात आल्या. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचेल, पण आवाज जाईल. ऑपरेशन उद्या सकाळी.

लॉजच्या खिडकीतून समोरचं बडं हॉटेल दिसत होतं. ताई त्याच्याकडे बघत म्हणाली, "दुपारचा चहा तिथं घेऊ."

"आज? अशा दिवशी?"

"मग कधी? उद्यापासून चहा काय खाणाखुणा करून मागवू?"

तिचा आवाज आधीच फाटला होता. धाकटीनं लॉजवाल्याकडून इस्त्री मागून आणली. ताईनं बॅगेच्या तळातून निळा रेशमी झगा काढला. हॉस्पिटलला येताना तो कशाला घेतला, हे धाकटीनं विचारलं नाही. अंगात घातला तर नुसता लोंबत होता. धाकटीनं पाठीमागून पिना लावून आवळला. मणका न् मणका बोटांना लागत होता.

"गळ्याला रुमाल बांधू? सूज झाकेल."

"राहू दे. माझाच गळा आहे, चोरीचा नाही." मग ताईनं तिची हनुवटी धरून ओठांना लाली लावली. "उघडत नाहीस, निदान रंगव तरी."

हॉटेलात पाऊल बुडेल असे गालिचे होते. पांढऱ्या हातमोज्यांचा वेटर आला. ताईनं काहीतरी सांगितलं, पण कोपऱ्यातल्या पियानोत ते विरून गेलं. वेटर धाकटीकडे वळला. "यांना काय हवंय?"

धाकटीचे कान तापले. सांगायला तोंड उघडलं, तोच ताईनं तिच्या हातावर हात ठेवला. वेटरला बोटानं जवळ बोलावलं आणि एकेक शब्द रेटत म्हणाली, "दोन चहा. एक कोमट. आणि हिच्यासाठी केक, भरपूर मलईचा." वेटर ओशाळून वाकला.

धाकटी केक चमच्यानं नुसता चिवडत होती. ताई घोट घोट घेत बोलत राहिली. वडिलांच्या घोरण्याबद्दल बोलली, शेजारणीच्या भोचकपणाबद्दल बोलली, एकदा चुकीची गाडी पुकारून सगळ्यांना भलत्याच गावी कसं धाडलं तेही सांगितलं. एरवी 'पुरे गं, कान किटले' म्हणणारी धाकटी कान देऊन बसली होती. तिनं हळूच फोन काढला. "थोडंसं रेकॉर्ड करू?"

"नको. हा चिरका आवाज ठेवून काय करशील? खरा होता तेव्हा सुचलं नाही कुणाला." ताई हसली, खोकली, आणि म्हणाली, "खा गं, मुके."

आणि दोघी थबकल्या. ताईनं पटकन नजर खाली वळवली. धाकटीनं केकचा मोठा घास तोंडात कोंबला, कारण दुसरं काही सुचलं नाही.

ऑपरेशन ठीक झालं. डॉक्टरांना समाधान वाटत होतं. ताई शुद्धीवर आली तेव्हा गळ्याला पट्टी होती. तिनं सवयीनं ओठ हलवले. काहीच आलं नाही. डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं, छाती हलत होती, पण रडण्यालाही आवाज नव्हता.

नर्सनं विचारलं, "दुखतंय का त्यांना?"

ताईनं धाकटीकडे पाहिलं.

"हो," धाकटी म्हणाली. आवाज कापत होता, तरी ती थांबली नाही. "दुखतंय तिला. आणि ती उशी उंच करा, तिला सपाट झोपवत नाही. आणि... जरा बसा तिच्याजवळ."

उशी उंच झाली. ताई भिंतीकडे तोंड करून रडत राहिली, आणि धाकटी तिच्या पाठीवर हात फिरवत खिडकीबाहेरचं काहीबाही सांगत बसली.