खापराखालचा भेक

मित्रांनो, मी एक म्हातारा, एका डोळ्याचा भेक आहे. आणि आधीच कबूल करतो, भित्रा आहे. माझे अंग खरबरीत, पाठीवर फोड, चाल फेंगडी. बेडकांच्या गोतावळ्यातसुद्धा मला कोणी देखणा म्हणत नाही. पण भिण्याच्या कामात माझा हात धरणारा साऱ्या बुलढाण्यात सापडायचा नाही. पान हलले की मी दगडाखाली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असे तुम्ही म्हणता ना? तो ब्रह्मराक्षस मी पाहिला आहे. पाहिला कशाला, त्याच्या तोंडात जाऊन आलो आहे.

माझा जन्म शाळेमागच्या खड्ड्यातला. पाय फुटले, शेपूट जिरली, आणि मी उड्या मारत शाळेच्या ओसरीत आलो. तिथे पाण्याचा मोठा रांजण आहे. त्याच्या बुडाशी सदा ओल असते आणि किड्यामुंग्यांना तोटा नाही. मी तिथेच बिऱ्हाड केले. शाळेत पाणी भरायला सुभद्राबाई येत. नवरा गेलेला, घरी दोन लेकरे, आणि हीच काय ती नोकरी. घागरी ओतून झाल्या की शेवटची ओंजळ त्या माझ्या अंगावर शिंपडत आणि म्हणत, "बस बाबा, बस. तुलेबी तहान लागली असन." जगात मला न घाबरवणारा हात तेवढा एकच होता.

वर्गातला आवाज मला खाली ऐकू येई. पोरे "मध्यप्रांत व वऱ्हाड, राजधानी नागपूर" असे घोकत आणि मी माश्या टिपत असे. असे माझे बरे चालले होते. पण सुख फार झाले की कोणाच्या तरी डोळ्यांत येतेच. माझे सुख वामनराव मास्तरांच्या डोळ्यांत आले.

मास्तर शास्त्र शिकवायला नवे आले होते. माणूस भला, उत्साही. पण पुस्तकावर त्यांचा विश्वास फार. पाण्यात आणि जमिनीवर राहणारे प्राणी पोरांना जिवंत दाखवायचे, असे त्यांनी मनावर घेतले. देऊळघाटचे रहेमतुल्ला पत्र्याच्या पेट्या आणि कंदील करत. त्यांच्याकडून मास्तरांनी दोन हात लांब काचेची पेटी करून घेतली. सांध्यांत राळ भरली, वर जाळीचे झाकण बसवले. पोरांनी पैनगंगेची वाळू आणली, विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ खरवडून आणले, फुटक्या माठाची खापरे आणली. पेटीत एका अंगाला पाणी, एका अंगाला माती आणि मधे दगडांचा उतार. ज्याला पोहायचे त्याने पोहावे, ज्याला बसायचे त्याने बसावे. प्राण्याला हात लावण्याआधी हात ओला करायचा, असा मास्तरांचा नियम होता. नियम चांगला होता, हे मी आजही सांगेन.

मग एके सकाळी रांजणाखाली एक ओला हात आला आणि मला उचलून घेऊन गेला. मी भीतीने तिथेच मुतलो. पोरे हसली. तुम्हीही हसा, पण तुम्हाला कोणी असे घरातून उचलले असते तर तुमचे काय झाले असते, तेही मनात आणा.

पेटीत सात छोटे बेडूक होते, अंगठ्याएवढे. ते दिवसभर एकमेकांच्या अंगावर उड्या मारत. मला थोडा धीर आला. दुसऱ्या दिवशी पिंपळगाव राजाहून कोणीतरी एक बेडूक आणला आणि माझा धीर गेला तो गेलाच. हिरवा-पिवळा, माणसाच्या दोन मुठींएवढा, तोंड या कानापासून त्या कानापर्यंत. तो पाण्यात उतरला तेव्हा पाणी काठावर आले. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिले. त्या पाहण्यात काय होते, ते मला लगेच कळले. मी जवळच्या खापराखाली शिरलो.

जाळी नीट बसवायला रहेमतुल्ला आले होते. त्यांनाही ते कळले असावे. ते म्हणाले, "मास्तर, पेटी तर मजबूत झाली. पन एक बात बोलू का? ह्या पहिलवानाले अन् ह्या चिल्ल्यापिल्ल्यांले एकाच खोलीत काऊन ठेवता? मधात पत्रा टाकून देतो. दोन खोल्या होतीन."

"अहो रहेमतुल्ला, हे सगळे एकाच कुळातले. भाऊबंद आहेत."

"भाऊबंदच तर खातेत, मास्तर," रहेमतुल्ला म्हणाले. सगळा वर्ग हसला, मास्तरही हसले, आणि पत्रा राहून गेला.

श्रावणात पेटीतले मानाचे पाहुणे आले. मास्तरांचा एक मित्र दार्जिलिंगकडे डॉक्टर होता. त्याने ओल्या शेवाळात गुंडाळून दोन पाणसरडे डब्यातून पाठवले. डबा आगगाडीने मलकापूरला आला, तिथून मोटारीने बुलढाण्याला. रंगाने काळपट तपकिरी, पाठीच्या दोन्ही बाजूंना मण्यांची रांग ओवावी तसे उंचवटे, आणि लांब शेपूट. दिसायला सरडे, पण कुळ आमचेच. बिचारे इतके शांत, की माझ्या खापराशेजारी येऊन बसले तरी मला भीती वाटली नाही. माझ्यासारख्याने याहून मोठी शिफारस काय द्यावी?

पहिल्याच दिवशी सुभद्राबाई पाणी बदलायला आल्या आणि किंचाळल्या, "अवं माय! पाल पडली पाण्यात! इख झालं सारं पानी!" त्यांनी झाडूच उगारला. मास्तर धावले. "थांबा, थांबा! पाल नव्हे ती. बेडकाचीच चुलत बहीण आहे."

"बेडकाले कोठी शेपूट असते, मास्तर? पोरायले पाजू नका हे पानी. घरात पाल पडली तर आमी सारा सैपाक फेकून देतो."

पोरे पोट धरून हसली. हेडमास्तर अर्जुनराव दारातून पाहत होते, ते हसले नाहीत. त्यांनी ते लक्षात ठेवले.

आता पुढचे सांगताना माझे पाय गार पडतात. एका रविवारी शाळा बंद होती, आम्हाला घास घालायला कोणी नव्हते. पहिलवान पाण्यातून वर आला. एक छोटा बेडूक काचेशी बसला होता. झप असा आवाज झाला. मग तो छोटा बेडूक तिथे नव्हता. पहिलवानाने डोळे मिटले, घास खाली ढकलला आणि पुन्हा पाण्यात जाऊन बसला. सोमवारी कोणालाच काही कळले नाही. पुढच्या रविवारी दुसरा गेला. असे चार गेले. उरलेले तिघे आता उड्या मारत नव्हते. मी फक्त पहिलवान झोपला की बाहेर येई, एखादी मुंगी टिपून पुन्हा खापराखाली जाई. झोपेतसुद्धा माझे कान त्या पाण्याकडे असत.

आणि भाद्रपदातल्या एका रविवारी भर दुपारी एक पाणसरडा उतारावर आला. तो सावकाश चालत होता. पहिलवान मागून येत होता. मला दोघेही दिसत होते. मी एकदा ओरडलो असतो, तर पाणसरडा कदाचित वळला असता. मी ओरडलो नाही. मी डोळे मिटून खापराच्या पार आत सरकलो. ती शेपूट बराच वेळ त्याच्या तोंडाबाहेर हलत होती, हे डोळे उघडल्यावर मला दिसले. मित्रांनो, ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

सोमवारी बोभाटा झाला. बुधवारी अमरावतीहून शाळातपासणीचे साहेब येणार होते आणि पाणसरडे पाहायला ते उत्सुक आहेत असे पत्र आले होते. अर्जुनरावांनी सुभद्राबाईंना बोलावले.

"शनिवारी पेटी कोणी धुतली?"

"म्या धुतली जी."

"आणि पाल समजून फेकून दिलीत. खरे सांगा."

"म्या नाई फेकली! रेणुका मायची आन. मास्तरनं सांगितल्यापासून म्या तिले हात नाई लावला."

अर्जुनराव म्हणाले, "साहेब गेले की घरचा रस्ता धरायचा. शाळेला असली अडाणी बाई नको." सुभद्राबाईंनी वामनराव मास्तरांकडे पाहिले. मास्तर खाली पाहत राहिले. त्यांनाही तेच वाटत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि चोर तिथेच, हातभर अंतरावर, पोट फुगवून पाण्यात बसला होता.

दोन दिवस शाळेची रंगरंगोटी चालली. त्या गडबडीत आम्हाला कोणी गांडूळ घातले नाही, की झुरळ घातले नाही. पहिलवानाने पाण्यातून दोनदा फेरी मारली. त्याला भूक लागली होती.

बुधवारी सकाळी सुभद्राबाईंनी शेवटचे पाणी बदलले. माझे खापर अलगद उचलले, ओंजळ शिंपडली आणि हळूच म्हणाल्या, "बस बाबा. उद्यापासून तुले कोन पानी शिंपीन?" त्यांचा हात थरथरत होता. थरथरणारा हात मी लगेच ओळखतो. मला वाटले, ही बाईसुद्धा आज माझ्याइतकीच भ्याली आहे.

साहेब आले. कोट-टोपी घातलेले, नागपूरकडचे, शांत बोलणारे गृहस्थ. ते पेटीपुढे वाकले. अर्जुनराव सांगू लागले, "दोन होते साहेब. पण आमची पाणी भरणारी बाई…" सुभद्राबाई घागर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेव्हा मी बाहेर आलो.

मी धाडस केले असे म्हणू नका. धाडसी प्राण्याचे पाय असे लटपटत नाहीत. आमच्या कातडीत कडू चीक असतो, हे मला ठाऊक होते. पण तो सुटायच्या आत गिळला गेलो तर? मला परत फिरायचे होते. दोनदा फिरलोही. पण त्या पाणसरड्याची हलणारी शेपूट डोळ्यांपुढून जाईना, आणि ती थरथरणारी ओंजळही जाईना. सगळ्या वर्गासमोर, भर उजेडात, मी पाण्याच्या काठावर जाऊन बसलो. पहिलवानाचे डोळे माझ्याकडे वळले.

झप.

आत अंधार होता, गरम होते, आणि चारी बाजूंनी दाबत होते. माझे फक्त मागचे पाय बाहेर होते. उजव्या डोळ्यात काहीतरी कचकन रुतले. बाहेर पोरांचा कल्लोळ उठला. मी मेलो असे समजून मी अंग फुगवले, जितके फुगते तितके, आणि भीतीने माझ्या कातडीतून सगळा चीक सुटला. पहिलवानाला एकदम उबळ आली. त्याने मला काचेवर ओकून टाकले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत तो मागे सरला.

साहेबांनी चष्मा पुसला.

"पेटीत छोटे बेडूक किती सोडले होते?"

"सात, जी," एक मुलगी पुटपुटली.

"आता मोजा."

सगळ्यांनी मोजले. तीन होते. साहेब अर्जुनरावांकडे वळले. "आणि ते चारही या बाईंनी पाल समजूनच फेकले का?"

अर्जुनराव पुन्हा पेटीतले बेडूक मोजू लागले. वामनराव मास्तर मात्र चालत दारापर्यंत गेले आणि सगळ्या वर्गासमोर त्यांनी हात जोडले. "सुभद्राबाई, चूक माझी. रहेमतुल्लांनी सांगितले होते, तरी मी ऐकले नाही. तुम्ही आण घेतलीत, तेव्हाही मी तोंड उघडले नाही. मला माफ करा."

सुभद्राबाईंनी घागर खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, "माफी मंग मागजा, मास्तर. पयले या पालीले तिच्या माहेरी पाठवा. एकली राह्यली ते." त्यांच्या लेखी ती शेवटपर्यंत पालच होती. पण त्या पालीच्या बाजूने बोलणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या.

रहेमतुल्लांनी दुसऱ्या दिवशी पेटीत पत्रा टाकला. पहिलवानाला पोरांनी तळ्यात सोडले. मी त्याला शिव्या देत नाही. भूक त्याची होती, पण पेटी तर त्याने मागितली नव्हती. आश्विनात हवा जरा थंड होताच उरलेला पाणसरडा ओल्या शेवाळात गुंडाळून परत पाठवला गेला. डबा पोचला, असे पत्र आले. डबा पोचला, एवढेच त्यात होते. सुभद्राबाईंनी मास्तरांकडून ते पत्र तीनदा वाचून घेतले.

मला त्यांनी स्वतःच्या ओंजळीतून रांजणाखाली आणून ठेवले. उजवा डोळा गेला तो गेलाच. भीती मात्र गेली नाही. अजूनही सावली पडली की मी आत सरकतो.

मित्रांनो, आम्हाला पाळायचेच असेल तर पाळा. हात ओला करून उचला, थंड पाणी द्या, लपायला खापर द्या, मोठ्याला आणि लहानाला वेगळी खोली द्या, आणि तपासणी असो वा सण असो, जेवायला घाला. पण त्याहून एक महत्त्वाचे सांगतो. आम्हाला रोज मोजा. आणि कोणी कमी भरले, तर दारात घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे पाहू नका. आधी पेटीत पाहा.

सुभद्राबाई आता रोज मोजतात. मी एकच आहे, तरी मोजतात. सकाळी रांजणाखाली वाकून विचारतात, "हायेस ना बे?"

तेवढ्या एका हाकेला मी बाहेर येतो.