पाट्याला टाकी

"तू बस खाली. चाक मी फिरवतो," म्हणत अन्वरनं ज्योतीरामच्या हातातून व्हॉल्वचं चाक काढून घेतलं.

ज्योतीराम पंपाच्या चौथऱ्यावर टेकला. सकाळपासून तो तिसऱ्यांदा परसाकडं जाऊन आला होता आणि पुन्हा रक्त पडलं होतं. पिंपरीत नव्या उभ्या राहिलेल्या कारखान्याला पाणी चढवायचं काम या दोघांकडं होतं. पंप सोडून सारखा जाणारा माणूस इथं चालणार नाही, महिनाअखेरपर्यंत बघतो आणि घरी पाठवतो, असं साहेबांनी कालच ऐकवलं होतं.

"राव, कधीपासून सांगतोय," अन्वर म्हणाला. "माझी अम्मा पायाचा सुरवा करती. दोन वाट्या पी, अंगात ताकद येईल. डॉक्टर पण तेच बोलला ना?"

"डॉक्टर अंडी म्हनला."

"मग अंडी खा!"

"गळ्यात माळ हाय."

"माळ तोड म्हणतोय का मी? खुंटीला अडकव. खाऊन झालं की घाल परत."

ज्योतीरामला हसू आलं. "गवरा वरनं बघती. तीच खुंटी उपटून घालंल डोक्यात."

अन्वर हसत चाक फिरवू लागला.

माळ ज्योतीराम आणि गवरा, दोघा नवरा-बायकोनं एकाच दिवशी घातली होती. पुढं ज्योतीरामचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी कोलायटिस असं नाव सांगितलं, मोठ्या आतड्याला जखमा आहेत म्हणाले. मिरची बंद, बाजरीची भाकरी बंद, साली-बिया, कच्चं काही नको. चाकणकडच्या माणसाला हे म्हणजे जेवणच बंद. पण गवरानं ते मनावर घेतलं. मऊ भात, ताजं ताक, बिया काढून शिजवलेला दुधी आणि वाटलेल्या मुगाचं कढण, एवढ्यावर तिनं त्याला उभा केला, कामाला लावला. पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन ती गेली, आणि ज्योतीराम स्वतः चुलीपुढं बसला.

गल्लीतल्या लोकांनी चेष्टा केली. "ज्योतीराम, नथ कधी घालतूस?" असं येता-जाता विचारलं. "कढन पिऊन जावा, मंग सांगतो," म्हणून त्यानं फुंकणी उचलली. भात करपला, दुधी कच्चा राहिला, पण हळूहळू जमलं. ती करायची तेच तो करत होता. तरी रक्त थांबत नव्हतं. हे कोडं त्याला सुटत नव्हतं.

त्या संध्याकाळी तो घरी मूग वाटत होता. केस डोळ्यावर आला म्हणून त्यानं ओल्या हातानंच बाजूला केला, आणि डोळा असा झोंबला की वरवंटा तिथंच टाकून तो मोरीकडं पळाला.

पाणी मारता मारता त्याचा हात थांबला. घरात मिरचीचा देठसुद्धा नव्हता. मग झोंबलं काय?

त्यानं पाट्यावर बोट फिरवून जिभेला लावलं. दगडाच्या बारीक भोकांत वर्षानुवर्षांची मिरची मुरली होती; कढणात ती जिभेला कळली नव्हती, आतड्याला कळत होती. या मोठ्या पाट्यावर गवरा स्वतःपुरता ठेचा वाटायची. त्याचे मूग मात्र दाराआडच्या लहान पाट्यावर. मोठा उचलत नसेल म्हणून लहान वापरते, असं तो समजत आला होता. तिनं कधी सांगितलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही. आणि तेराव्यानंतर, काय लागंल ते न्या, असं त्यानंच शेजारच्या पुतळाबाईला सांगितलं होतं, आणि तिनं लहान पाटा वरवंट्यासकट नेला होता.

तो तसाच ओल्या हातानं तिच्या दारात गेला.

"वहिनी, लहान पाटा द्याल का परत?"

"न्या की भावजी, तुमचाच हाय," पुतळाबाई म्हणाली, आणि तिच्या ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. "अवं पर त्याच्यावर मी लाल मिरची वाटली की! मला काय ठावं, बाई..."

"मला तरी कुठं ठावं व्हतं," ज्योतीराम म्हणाला आणि त्यानं पाटा छातीशी धरला.

त्यानं तो राखेनं घासला. कढत पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी उन्हात टाकला. बोट जिभेला लावलं की तिखट ते तिखटच.

रविवारी गल्लीत हाक आली, "टाकीऽऽ लावायची का पाट्याला?" ज्योतीरामनं लहान पाटा उंबऱ्यात आणून ठेवला. टाकीवाली बाई उकिडवी बसली. मधल्या खोलगट जागेवरून तिनं तळवा फिरवला.

"लई वाटलंय हो ह्याच्यावर. कोन वापरायचं?"

"मालकीन."

बाईनं रिकाम्या घरात नजर टाकली. "दादा, मिरची काढायची तर समदा वरचा थर उडवावा लागंल. ह्यो खळगा ऱ्हानार न्हाई. त्यापरीस नवा घ्या, ह्यो ऱ्हाऊ द्या आठवनीला."

ज्योतीरामनं खळग्यात हात ठेवला. त्याचा पंजा मोठा होता, तरी बरोबर आत बसला.

"नवा घेतला तर ह्यो नुसता बघायला ऱ्हायचा," तो म्हणाला. "तिला नुसतं ठेवल्यालं काय खपत नव्हतं. लावा टाकी."

"समदी?"

"समदी. वरवंट्याला बी."

ठकठक सुरू झाली. काळी कपची उडून उंबऱ्यावर पडू लागली. ज्योतीराम शेजारीच बसून राहिला, उठला नाही.

बाई गेल्यावर त्यानं आधी तांदूळ वाटून फेकले. कचकच होती. पुन्हा वाटले, पुन्हा फेकले. कचकच जाईपर्यंत तेच करत राहिला. मग मूग घेतले. वरवंट्याला वळण राहिलं नव्हतं. तो सरळ पुढं जायचा, मूग कडेनं निसटायचे. ज्योतीराम ते बोटांनी मधे ओढायचा आणि परत जोर लावायचा.

वाटून झाल्यावर त्यानं बोट डोळ्याला लावलं आणि थांबला.

झोंबलं नाही. डोळा नुसता ओला झाला.

त्यानं वाटण जर्मनच्या पातेल्यात काढलं, पाटा धुऊन दाराआड उभा केला आणि फुंकणी घेतली.